पाच नंबरचा कागद

हे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, ते माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील सही करतात, पण त्याआधी हात धोतराला पुसून घेतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी एकदा सांगितलं होतं, की ज्याच्याविषयी लिहायचं तो माणूस आधी नीट समजलेला असावा. तसं असेल तर मी बिराजदार सरांविषयी लिहू नये. ते मला नीट समजले नाहीत. शिवाय त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. ती वगळून लिहिलं तर ते खोटं होईल, आणि ती लिहिताना माझा हात जड होतो. तरी लिहितो. वाचणाऱ्यांनी चुका जरूर काढाव्यात. सरांनीही काढल्या असत्या.

सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट नवी पेठेत, एका चादरीच्या दुकानाच्या माडीवर होती. जिना लाकडी आणि अरुंद. वर एक लांबट खोली, तिच्यात बारा मशीन, आणि मागे पडदा लावलेली दुसरी खोली, तिच्यात सर राहायचे. बायको वारलेली, मुलगी विजापूरला दिलेली. अंगात पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, आणि शर्टाच्या आत गळ्यातलं लिंग. ते दिसत नसे, पण सर कागदावर वाकले की ते हाताने छातीशी धरून वाकत.

मी गेलो तेव्हा दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. दुष्काळात मी टेंभुर्णीजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. सरांनी माझं नाव विचारलं नाही. म्हणाले, "बोटं दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले.

"खडी फोडलीस?"

"व्हय सर."

"मशीनवर फोडायची न्हाय. सात नंबर."

तेव्हापासून मी सात नंबर झालो. ही तिथली पद्धत होती. ज्याला जे मशीन मिळालं तो त्याचा नंबर, आणि सर्टिफिकेट मिळेपर्यंत तोच टिकायचा. हजेरी नंबरावर, शाबासकी नंबरावर, रागावणंही नंबरावर. "तीन नंबर, करंगळी झोपली का?" "अकरा, मान वर. बोटांना डोळे हायत." नावं प्रवेशाच्या फॉर्मवर होती, फॉर्म कपाटात होते, आणि कपाटाची किल्ली परीक्षेच्या वेळीच सापडायची.

सर चुका कन्नडमध्ये मोजत. एरवी मराठी बोलत, पण तपासायला कागद घेतला आणि लाल पेन्सिल उचलली की तोंडातल्या तोंडात सुरू व्हायचं, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आम्ही मान खाली घालून टाइप करत राहायचो आणि कान तिकडे असायचे. हत्तु म्हणजे दहा. हत्तु आलं की तो कागद फाटायचा. टेंभुर्णीकडच्या माझ्यासारख्या पोराला कन्नडचं दुसरं अक्षर येत नाही, पण दहापर्यंतचे आकडे आजही अंगावर काटा आणतात. एकही चूक नसेल तर सर टेबलाच्या खणातून भाजलेली भुईमुगाची एक शेंग काढून त्या मशीनवर ठेवत. काही बोलत नसत. मला दोन वर्षांत ती एकदा मिळाली. मी ती आठ दिवस खाल्ली नाही.

शहरातल्या एका मोठ्या माणसाचा मुलगा आमच्यात होता, तीन नंबर. परीक्षेला बसवण्याआधी सर चाचणी घेत, तीत त्याचं हत्तु झालं. संध्याकाळी वडील स्वतः जिना चढून आले. धाप लागलेली होती.

"मास्तर, माझ्या मुलाला तुम्ही बसवत नाही म्हणे."

"कोणता?"

त्यांनी नाव सांगितलं. मग आडनाव सांगितलं, आणि ते जरा सावकाश सांगितलं.

"व्हय का," सर म्हणाले. "मशीन कितवं?"

वडिलांना ते माहीत नव्हतं. मुलाला बोलावून विचारावं लागलं. मग सरांनी तीन नंबरला पुन्हा पाच मिनिटं दिली, समोर घड्याळ ठेवलं, वडिलांना खुर्ची दिली. पुन्हा हत्तु झालं. या वेळी सरांनी मोठ्याने मोजलं, म्हणजे पाहुण्यांनाही कळावं. वडील गेल्यावर म्हणाले, "चांगला माणूस. जिना चढून आला."

माझ्या शेजारचं सहा नंबर मशीन कायम बिघडलेलं असायचं. त्यामुळे माझा खरा शेजारी म्हणजे पाच नंबर. त्याचं नाव दस्तगीर नदाफ. वडील पिंजारी. खांद्यावर धनुकली घेऊन गल्लोगल्ली गाद्या पिंजत फिरले आणि कापसाने छाती धरली. डॉक्टरांनी कापूस बंद करायला सांगितलं होतं. घरी आई, दोन बहिणी. धाकट्या भावाला अजून शाळेत घातलेलं नव्हतं. दस्तगीर सकाळी सहाच्या बॅचला यायचा आणि नंतर बेगम पेठेत एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. त्याची बोटं काळी असायची, पण कागदावर कधी डाग पडला नाही. मिनिटाला बासष्ट शब्द. त्याच्या मशीनवर इतक्या शेंगा पडायच्या की एकदा तो मला म्हणाला, "सर मेरे कू शेंगाच देते बैठेंगे, नोकरी कब देते?"

नोकरी सर देत नसत, पण नोकरीचा रस्ता त्यांच्या टेबलावरून जायचा. शहरातले आडते, वकील, चादरीच्या फॅक्टऱ्या, ज्यांना टायपिस्ट हवा ते सरांकडे चिठ्ठी पाठवत. चिठ्ठी आली की सर मोठ्या मुलांना एकच उतारा देत आणि त्यांतले तीन उत्तम कागद निवडत. वर कोपऱ्यात मशीनचा नंबर लिहीत, मागच्या बाजूला वेग आणि चुका. नाव नाही, गाव नाही, वडील काय करतात ते नाही. ते कागद पाकिटात जात. तिकडून उत्तर यायचं, "अमुक नंबर पाठवा." मग तो जायचा. सरांना या पद्धतीचा अभिमान असावा. तसं त्यांनी कधी म्हटलं नाही, पण पाकीट चिकटवताना ते किंचित गुणगुणत.

दुसऱ्या वर्षाच्या आषाढात अक्कलकोट रोडवरच्या एका चादरीच्या फॅक्टरीची चिठ्ठी आली. मराठी-इंग्रजी दोन्ही येणारा एक टायपिस्ट पाहिजे, जागा कायमची. सरांनी पाच, सात आणि अकरा असे तीन कागद पाठवले. पाच नंबरात चूक नव्हती. माझ्या कागदात वेग अठ्ठेचाळीस आणि चुका दोन. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, पाच नंबर पाठवा.

दस्तगीरनं नवा शर्ट घडी घालून रात्रभर गादीखाली ठेवला होता. सकाळी वर्गात तो घालून आला, आणि दहा वाजता सायकलवर गेला. दुसऱ्या दिवशी सहाला मी जिना चढलो तेव्हा तो आपल्या मशीनवर बसलेला होता, रोजच्या शर्टात.

सरांनी हजेरी घेताना वर पाहिलं. "पाच नंबर. तू हितं कसा?"

"जागा भरली म्हणाले, सर."

"कदी भरली?"

"मी नाव सांगितल्यावर."

मशीन चालू होती. कोणी थांबलं नाही. सरांनी हजेरीची वही मिटली आणि पुन्हा उघडली.

दुपारी फॅक्टरीचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला. पाच नंबर नको, त्याच्यानंतरचा पाठवावा. सरांनी शिपायाने सोबत परत आणलेला पाच नंबरचा कागद घेतला, चष्मा पुसला आणि ओळीखाली पट्टी धरून पूर्ण कागद परत तपासला. मग त्याच कागदामागे लिहिलं, "पुन्हा तपासला. चूक नाही. पाच नंबरच पाठवीत आहे." आणि शिपायाच्या हाती दिला. सरांना खरंच कळलं नव्हतं की कळूनही ते तसं वागत होते, हे मला आजही सांगता येत नाही. दस्तगीरला विचारलं तर तो म्हणाला, "उनों को सब मालूम रहता. पर उनों कागदपर नै वो बात मानतेच नै."

दोन दिवसांनी मॅनेजर स्वतः आले. सकाळची बॅच सुटत होती. दस्तगीर दुकानावर निघून गेला होता. मी रिबन बदलत होतो, म्हणून राहिलो. मॅनेजर वयस्क होते, बोलायला मऊ.

"मास्तर, तुम्ही मला अडचणीत आणताय."

"बसा की. चूक कुटं हाय ते दाखवा."

"चूक नाही हो. मुलगा हुशार आहे, मी कुठं नाही म्हणतो. पण आमच्या ऑफिसात मालकांच्या टेबलामागे देव्हारा आहे. टायपिस्टची खुर्ची त्याला लागून. दसऱ्याला मागांची पूजा, मशीनची पूजा, सगळा स्टाफ आरतीला."

"टायपिस्टनं काय करायचं? पूजा की टाइप?"

"टाइपच."

"मग पूजेला दुसरा माणूस बघा. माझ्याकडं तो कोर्स न्हाय."

मॅनेजर हसले. त्यांना वाटलं सर विनोद करतायत. "अहो, तुम्ही स्वतः दर सोमवारी सिद्धेश्वराला जाता. तुम्हाला मी काय सांगावं?"

"जातो की. तितं मला कोणी स्पीड विचारत न्हाय."

मॅनेजरांनी हसणं थांबवलं. सरांनी चुकांचं रजिस्टर पुढे ओढलं. त्यात चार रकाने होते: स्पेलिंग, अंतर, समास, खाडाखोड. कागद नाकारला गेला की कारण कोणत्या तरी रकान्यात लिहायचं, असा नियम होता.

"तुमी पाच नंबर नाकारला. मला लिवायला पायजे. ह्या चारांतलं सांगा, ही चूक कशात बसती?"

"मास्तर, काही गोष्टी लिहायच्या नसतात."

"मग त्या करायच्या कशा?"

मॅनेजर उठले. जाताना म्हणाले, "दुसरा कागद सात नंबरचा होता ना? तोच पाठवा."

"सात नंबर अजून शिकायलाय," सर म्हणाले.

मी रिबन बसवत होतो. माझी बोटं जांभळी झाली होती.

आता ती गोष्ट लिहितो. त्याच आठवड्यात तात्यांचा, म्हणजे वडिलांचा, निरोप आला होता, की पुढच्या वर्षाचं कॉलेज काही जमत नाही, गावाकडे ये. मॅनेजर जिना उतरले, आणि मी हात धुवायच्या निमित्ताने त्यांच्यामागे उतरलो. खाली त्यांनी मला विचारलं, "सात नंबर कोण, माहीत आहे का?" मी म्हणालो, मी. त्यांनी नाव विचारलं. मी ते सांगितलं. म्हणाले, सोमवारपासून ये. कॉलेज सकाळचं असल्यामुळे अकराला आलास तरी चालेल, असंही म्हणाले. माणूस खरंच मऊ होता.

मी सोमवारी गेलो. सोमवारी सकाळी सर देवळात असतात, बॅच उशिरा सुरू होते, हे मला माहीत होतं; त्यांना न सांगता परस्पर जाता आलं. घरी कळवलं, परीक्षा घेऊन निवड झाली. तात्यांनी ते साऱ्या गल्लीला सांगितलं.

सरांना सांगायला मी गुरुवारी गेलो. दस्तगीर पाचवर होता. त्याने मान वर केली नाही. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सर म्हणाले, "सात नंबर. बस. पाच मिनिटं." घड्याळ लावलं. मी टाइप केलं. त्यांनी तपासलं. ओंदु, एरडु, मूरु. तिथं थांबले. मग रजिस्टर काढलं, पट्टी घेतली आणि चार रकान्यांच्या पुढे पाचवा आखला. त्याला शीर्षक दिलं नाही. सात नंबरच्या ओळीत, त्या रकान्यात, एक रेघ ओढली.

"बरं हाय," म्हणाले. "मन लावून कर."

एवढंच. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. दस्तगीर मात्र जिन्यात म्हणाला, "तेरे पे गुस्सा नै रे. तू नै गया तो अकरा नंबर जाताच." मग, "पर तू सोमवार कू कायकू गया?"

मी उरलेल्या पायऱ्या उतरलो.

फॅक्टरीत माझी खुर्ची देव्हाऱ्याला लागून होती. पाठीला समईची ऊब लागायची. खंडेनवमीला माझ्या मशीनला झेंडूचा हार घातला, पाकळ्या आत गेल्या आणि दोन दिवस एक कळ उठेना. आलेलं टपाल नोंदवणं आणि उत्तरं टाइप करणं हे माझं काम. नोकरी लागून महिना झाला नव्हता, तोच एक तारखेला आवकमध्ये ओळखीचं पाकीट आलं. आत टाइप केलेला कागद, कोपऱ्यात पाच. मागे सरांचं अक्षर: वेग त्रेसष्ट, चूक नाही. मी तो नोंदवला, मॅनेजरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "लिही. सध्या जागा रिकामी नाही."

मी लिहिलं. ते खरंच होतं. जागेत मी बसलो होतो.

पुढच्या एक तारखेला पुन्हा. चौसष्ट. मग पासष्ट. दर महिन्याला सर पाठवायचे, दर महिन्याला मी आवक नंबर द्यायचो, आणि दर महिन्याला तेच एक वाक्य टाइप करायचो. उत्तराची एक प्रत फायलीत लावावी लागे. फायलीला नाव द्यायचं होतं. मॅनेजर म्हणाले, "किरकोळ."

माघात जो कागद आला तो वेगळा होता. कोपऱ्यात नंबर नव्हता. वर मधोमध, ठळक अक्षरांत, सगळ्यांत पहिल्या ओळीत होतं: नदाफ दस्तगीर हुसेन. खाली राहणार बेगम पेठ. मग उतारा. मॅनेजरांनी तो बराच वेळ हातात धरला. म्हणाले, "हे काय आता?" मी म्हणालो, माहीत नाही. ते म्हणाले, "उत्तर नेहमीचंच."

त्या संध्याकाळी मी इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. सहा महिन्यांत गेलो नव्हतो. सर एकटेच होते, मशीनना तेल घालत होते. बरेच वाळले होते. शर्टाच्या बाह्या मोठ्या वाटत होत्या.

"सर, कागदावर नाव आलं होतं."

"व्हय. आता सगळ्यांचीच टाकतो."

"का, सर?"

त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली, रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. पाचव्या रकान्यात माझी रेघ होती. खाली, पान संपतं तिथं, आणखी एक होती. तिच्यापुढे नंबर नव्हता.

"ही कुणाची, सर?"

"माझी."

सर म्हणाले, "मी नंबर पाठवायचो. मला वाटायचं, नाव झाकलं की झालं. कागद आत गेला, पोरगं दारातनं परत आलं. नवा शर्ट घालून गेलं होतं ते. मी नाव पाठवलं असतं तर मॅनेजरनं घरबसल्या न्हाय म्हटलं असतं. पोराला तितं उभं राहावं लागलं नसतं. झाकायची गोष्टच नव्हती ती. मी झाकली."

मग ते पुन्हा तेल घालू लागले. नऊ नंबरपाशी गेल्यावर मागे न पाहता म्हणाले, "तुजी बोटं कशी हायत? जोरात मारत न्हायस ना?"

मी सरांना पाहिलं ते शेवटचंच.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा टाइप केला. मॅनेजरांनी कारण विचारलं. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून आलं, "परीक्षा आहे." ते म्हणाले, "शिक, शिक. चांगलं आहे." माझ्यानंतर तिथं कोण आलं, मी चौकशी केली नाही. कॉलेजचं कसंबसं जमवलं. परीक्षा झाली आणि मी गावाकडे आलो.

ज्येष्ठात दस्तगीरचं पत्र आलं. ते आधी कॉलेजच्या पत्त्यावर गेलं होतं, तिथून फिरत फिरत टेंभुर्णीला पोचायला त्याला सव्वा महिना लागला. पाकिटात टाइप केलेला एकच कागद होता. त्याने लिहिलं होतं, की नाव घातलेले कागद सरांनी सात ठिकाणी पाठवले. चार ठिकाणांहून उत्तर नाही, दोन ठिकाणी जागा नाही. सातव्या ठिकाणी, होटगीच्या एका धान्याच्या आडत्याकडे, त्याला घेतलं. तो रोज सकाळच्या गाडीने जातो. सर तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलात होते, मुलगी विजापूरहून आली होती. दस्तगीर सांगायला गेला, तेव्हा त्यांना बोलायला त्रास होत होता. त्यांनी इतकंच विचारलं, नाव वाचून घेतलं की न वाचता. दस्तगीर म्हणाला, वाचून, सर, शेटजींनी दोनदा वाचलं. सर म्हणाले, मग वेळेवर जा. मंगळवारी ते गेले.

तात्या ओट्यावर बसले होते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून घरात आलेलं प्रत्येक पत्र त्यांना वाचून दाखवायचं असतं. मी हेही पहिल्यापासून वाचलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"मास्तर गेले म्हण की," ते म्हणाले. मग, "आन् हे पोरगं कोण? तुज्या जागंवर लागलं व्हतं का?"

"न्हाय तात्या," मी म्हणालो. "त्याच्या जागंवर मी लागलो व्हतो."